गोड केलेली वाक्यं

दिवाणखान्यातला दिवा मंद करा.

कडक भाकरी मोडल्याचा आवाज माईकला फटाक्यासारखा लागतो.

"मग दोघींना घ्यावं लागेल की, काकू."

पाण्याच्या दिवशी काहीच होणार नाही, हे पुण्यात बसलेल्या माणसाला कसं समजवायचं.

'वांगं छान झालंय, मामी.' हे वाक्य कुणीही म्हटलेलं नव्हतं.

दम धर म्हणावं ह्याला.

बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात 'न्हाय'.

*

ह्यातलं काकूंचं आधी घडलं.

काकू म्हणजे भीमाबाई शिवशरण, राहणार बुधवार पेठ, सोलापूर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा एक कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात एक जागा निघाली होती. गिऱ्हाइकांचे मेसेज वाचायचे, उत्तरं लिहायची, आणि माल कुठं अडकलाय ते पॅकिंगवाल्यांना फोन करून विचारायचं. भीमाबाईंची लेक संघप्रिया त्या जागेसाठी मुलाखतीला गेली. वय बत्तीस, मुक्त विद्यापीठाची बी.ए. कीबोर्डवर एकाच बोटानं लिहिते, हळू लिहिते, पण तिच्या लिहिण्यात चूक काढून दाखवावी कुणी. वॉकर धरून चालते. बोलणं मात्र असं, की नवख्या माणसाला वाटावं, शब्द बाहेर यायच्या आधीच तोंडात विरघळतायत. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून तिचा श्वास, जीभ आणि ओठ एका वेळी एका जागी पोचत नाहीत. भीमाबाईंना तिचं सगळं स्वच्छ कळतं. पुढं तिचं बोलणं भीमाबाईंच्या कानाला येतं तसंच लिहिलंय.

मुलाखतीला त्या लेकीच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. ऑफिसच्या मालती मॅडम विचारायच्या, संघप्रिया उत्तर द्यायची, भीमाबाई तेच उत्तर पुन्हा म्हणायच्या. दोन-तीन प्रश्नांतच मॅडमची नजर वर सरकली आणि भीमाबाईंवर येऊन थांबली.

"कॉम्प्युटर कुठं शिकली ही?"

ही. समोर बसलेली.

शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. पण पॅकिंगवाल्यांशी बोलणार कोण? मग दोघींना घ्यावं लागेल की, काकू." मनानं वाईट नव्हती बाई. दारापर्यंत आली, वॉकर अडकला तिथं पायपुसणं बाजूला केलं. "दिवाळीनंतर परत बघणार आहोत आम्ही. तेव्हा एकटी आत येऊन बोलली, तर विचार करू."

येताना रिक्षात संघप्रिया म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटी आत जाणार. तू यायचं नाहीस."

रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

"गचके बसायलेत, जरा सावकाश घ्या म्हणती," भीमाबाई म्हणाल्या.

घरातली गोष्ट रिक्षावाल्याला कशाला?

*

पुण्यातली एक संस्था ज्यांचं बोलणं फोनला कळत नाही अशांसाठी काहीतरी करते, हे संघप्रियानं स्वतःच शोधलं. स्वतःच एका बोटानं त्यांना लिहिलं. घरात कळलं ते थेट श्रावणी दारात उभी राहिली तेव्हा. श्रावणी म्हणजे त्या संस्थेतली इंजिनिअर, मूळची वेळापूरची, पाठीवर बॅग आणि हातात माईकचा डबा.

"फोनला मराठी येतं, मावशी," तिनं समजावलं. "पण त्यानं ऐकलंय ते सगळं खणखणीत बोलणाऱ्यांचं. संघाताईंसारखं बोलणं त्याच्या कानावरच कधी पडलं नाही. मग त्याला कळणार कसं? आपण त्याला ताईंचं बोलणं ऐकवायचं आणि प्रत्येक वाक्याला सांगायचं, बाबा, ह्या असं म्हणाल्या. पुष्कळ ऐकलं की ते शिकतं. मग ताई बोलतील आणि फोन तेच वाक्य स्पष्ट आवाजात म्हणेल."

संघप्रियाचे वडील धर्मपाल रेल्वेतून रिटायर झालेले, पेपर वाचत बसले होते. पेपराआडून म्हणाले, "म्हणजे भीमाला पण रिटायर करायलेत."

"करू दे की," भीमाबाई म्हणाल्या. आणि आत जाऊन, कुणी सांगितलं नसताना, मांडणीवरची सगळी भांडी पुन्हा घासायला काढली.

*

पुण्याहून आलेली वाक्यं वाचायची होती. पहिलं वाक्य आलं: दिवाणखान्यातला दिवा मंद करा.

"आमच्याकडे दिवाणखाना नाही," संघप्रिया म्हणाली.

"दिवाणखानाच न्हाय म्हणती," भीमाबाई म्हणाल्या. "आणि दिवा मंद कसा करायचा असतो गं? एक तर लावायचा न्हायतर बंद करायचा."

पुढचं वाक्य होतं: माझ्यासाठी विमानतळावर गाडी बोलवा. त्याच्या पुढचं: आज हलकं संगीत लाव. संघप्रियानं मान हलवली. ती पॅकिंगवाल्यांशी बोलणार होती, विमानतळाशी नाही. ती म्हणाली, मी माझंच बोलते. रोज जे बोलते ते.

श्रावणीनं पुण्याला फोन लावला. तिथले सुबोध सर आधी 'हूं' म्हणाले, मग 'बघ बाई' म्हणाले.

*

यंत्राला धीर नव्हता. संघप्रिया वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायला थांबली, की त्याला वाटायचं हिचं संपलं. टुंग करून बंद. तिचा श्वास लांब. अर्धं वाक्य आत, अर्धं बाहेर. पुन्हा सुरू करायला स्क्रीनवर हरभऱ्याएवढं बटण, आणि तिचं बोट त्या हरभऱ्याच्या चहूबाजूंनी फिरायचं, नेमकं वर बसायचं नाही.

"दम धर म्हणावं ह्याला," भीमाबाई म्हणाल्या. "माणूस बोलायलंय आन् हे उठून चाललं."

श्रावणीनं थांबायची वेळ वाढवली. बटण भाकरीएवढं केलं.

*

"मावशी, तुम्ही बोलू नका ना मध्ये."

"मी कुठं बोलले?"

श्रावणीनं रेकॉर्डिंग वाजवून दाखवलं. संघप्रियाचं वाक्य, आणि त्याच्या शेपटीला लागून भीमाबाईंचा आवाज. पुन्हा तिचं, पुन्हा ह्यांचा. सगळीकडं. भीमाबाईंनी पदर तोंडाला लावला. आपण बोलतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. झोपेत कूस बदलावी तसं ते होत होतं.

त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. तिथून आवाज यायला लागला. मोरीत पाठवलं. तिथूनही. शेवटी रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांनी शेजारी चंद्रिकाकडं जाऊन बसायचं ठरलं. धर्मपालांनी भाकरी कालवणात भिजवून, गपचूप खायची. पलीकडच्या बोळातले कापड विणायचे लूम दुपारी जेवणाच्या सुट्टीत थांबायचे, तेवढी वेळ खरी. आणि पाण्याचा दिवस सोडून. नळाला पाणी आलं की गल्लीभर घागरी, मोटारी, आणि कुणाचा नंबर कुणी लावला ह्याची भांडणं. ते ऐकून यंत्र काय शिकलं असतं कोण जाणे.

*

मग श्रावणी म्हणाली, "आता तुमचं काम, मावशी."

ताईचं एकेक वाक्य कानात वाजणार. ते ऐकायचं, आणि ताई काय म्हणाल्या ते माईकमध्ये स्पष्ट म्हणायचं. ते लिहायचं काम कॉम्प्युटर करणार. "तुम्ही जन्मभर करत आलात तेच."

भीमाबाई खुर्चीवर ताठ बसल्या. कानाला हेडफोन लावताना त्यांनी अंबाडा सोडून पुन्हा नीट बांधला. आजवर ह्याला कुणी काम म्हटलं नव्हतं. शाळेत, दवाखान्यात, सोयऱ्यांत, बँकेत, जिथं जावं तिथं लेकीच्या मागं उभं राहून त्या बोलल्या, आणि लोक म्हणाले, आई आहे, करणारच.

बोलून दमलेली संघप्रिया आतल्या खोलीत झोपायची. बाहेर भीमाबाई एकेक वाक्य ऐकायच्या आणि म्हणायच्या. भराभर. श्रावणी म्हणाली, इतकं पटापट काम कुणाच्याच घरी झालं नाही.

*

संघप्रियाचं बोलणं शिकलेला फोन घेऊन श्रावणी परत आली, तो दिवस दिवाळीच्या जरा आधीचा. फराळाचं ताट पुढं आलं. धर्मपालांनी पेपर मिटला. चंद्रिका येऊन दाराशी टेकली. मुलाखतीची तारीख कळली होती, कॅलेंडरवर तिच्याभोवती गोल होता.

"काहीही बोला, ताई," श्रावणी म्हणाली.

संघप्रियानं भाकरीएवढं बटण दाबलं. "श्रावणी, चहा फार गोड झालाय."

फोन क्षणभर थांबला. मग बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाला, "चहा लई छान झालाय, ताई."

श्रावणी हसली. "व्वा. एखादा शब्द इकडंतिकडं, पण चहा कळला की."

संघप्रिया हसली नाही. तिनं पुन्हा दाबलं. "मला कंटाळा आलाय. लवकर आवरू या."

"काही घाई न्हाय," बातम्यांची बाई म्हणाली, "तुमचं सावकाश होऊ द्या."

चंद्रिकाला उचकी लागली. धर्मपाल आधी गालात हसले, मग पोट धरून. "अगं, ही तर भीमाच बोलायली. कुठून आणलंस गं पोरी हे? आमच्याकडं एक होती की."

श्रावणीला वाटलं, यंत्र बिघडलं. ती तारा काढायला, घालायला लागली. संघप्रिया मात्र फोनकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती. नजर न काढता तिनं तिसरं वाक्य म्हटलं, अगदी सावकाश. "मामीकडचं वांगं खारट होतं."

"वांगं छान झालंय, मामी."

*

श्रावणीनं मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि स्पीकरवर वाजवलं. आधी संघप्रिया: मामीकडचं वांगं खारट होतं. लगेच भीमाबाई: वांगं छान झालंय, मामी.

संघप्रिया: माझ्या लग्नाचा विषय काढू नका.
भीमाबाई: तुमची काळजी कळती हो मला.

संघप्रिया: तुम्ही मला विचारा, आईला नको.
भीमाबाई: आईला विचारलं तरी चालंल.

श्रावणीला ह्यातली अर्धी बाजू कळतच नव्हती. धर्मपालांना बऱ्यापैकी कळत होती. त्यांचं हसू बंद झालं. त्यांनी चंद्रिकाकडं पाहिलं, तशी ती "दूध उतू जाईल माझं" म्हणत घरी गेली.

यंत्रानं काहीच चूक केली नव्हती. त्याला जे शिकवलं ते त्यानं गुणी पोरासारखं पाठ केलं होतं.

*

"मग काय चुकलं माझं?" भीमाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होत्या. "तसंच्या तसं सांगितलं असतं तर हिला शाळेत ठिवली असती का? हेडमास्तरला ही म्हणाली होती, तुम्ही ओरडता म्हणून मला कळत नाही. दुसरीत होती. मी म्हणलं, सर, ती म्हणती तुम्ही चांगलं शिकवता. तेवढ्यावर वर्ष निघालं. आधीच लोकांना हिचं बोलणं कळत न्हाय. त्यात तिखट बोलली तर दारात कोण उभं करील? मी आपलं लागंल तिथं गूळ घातला. आईनं न्हाय घालायचा तर कुणी घालायचा?"

"हे कधीपासून?" धर्मपाल म्हणाले.

"मोजलं न्हाय."

संघप्रिया बोलायला लागली. मोठं वाक्य होतं. मध्ये दोनदा श्वास संपला, दोनदा थांबून तिनं पुन्हा धरलं. "आई, तू चुकीचं सांगितलंस, हे मला कितीतरी वेळा लोकांना सांगायचं असायचं. पण ते सांगायलासुद्धा मला तूच लागायचीस."

बोळातले लूम चालू होते.

"काय म्हणाल्या ताई?" श्रावणीनं हळूच विचारलं. तिनं सवयीनं भीमाबाईंकडंच पाहिलं होतं.

भीमाबाईंचं तोंड उघडलं. एक वाक्य जिभेवर आलेलं होतं, 'काही न्हाय, दमलीय जरा.' ते ओठापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. त्यांनी ते गिळलं.

"म्हणती," त्या म्हणाल्या, "आई, तू चुकीचं सांगितलंस हे मला लोकांना सांगायचं असायचं. पण ते सांगायला बी मला तूच लागायचीस."

मग त्या उठून आत गेल्या.

*

फोनवर, सुबोध सर आणि श्रावणी. स्पीकर चालू.

"घरच्यांनी तपासलंय ना? काळजी घेणाऱ्या माणसानं हो म्हटलं की आपल्या बाजूनं बरोबर."

"बोलणाऱ्या बाईंना कुणी विचारलंच नाही, सर."

"मग विचारायचं होतंस."

"कुठं विचारू? ऐकायला, म्हणायला, तपासायला, सगळ्या जागा घरच्यांना दिल्यात आपण. बोलणाऱ्याला फक्त बोलायची जागा. ती काय म्हणाली म्हणून आपण लिहिलंय, हे तिला दाखवतच नाही आपण."

सुबोध सरांनी विचारलं, "बाकीच्या घरांतही असंच झालं असेल का गं?"

"माहीत नाही, सर. त्यांनाही विचारलं नाही."

*

यंत्रावर नवीन पडदा आला. त्यावर आता दोनच गोष्टी होत्या. वर, ऐकून लिहिलेलं वाक्य. खाली, पडद्याचा निम्मा भाग व्यापणारं एक बटण. त्यावर काय लिहायचं हे श्रावणीनं संघप्रियाला विचारलं. संघप्रियानं एका बोटानं लिहून दिलं: मी असं म्हटलं नाही.

सगळं पहिल्यापासून करायचं होतं. मुलाखत तोंडावर आली होती. सगळं एकटीनं टाईप करायचं, तर संघप्रियाच्या बोटाला उन्हाळा उजाडला असता. भीमाबाईंशिवाय भागत नव्हतं. हे तिघींनाही माहीत होतं आणि तिघींपैकी कुणी म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लूम थांबले, तेव्हा भीमाबाईच हात पुसत आल्या आणि कॉटवर लेकीशेजारी बसल्या. "लाव," म्हणाल्या. "हेडफोन नको. दोघींना ऐकू दे." श्रावणीनं संघप्रियाची वाक्यं एकेक करून स्पीकरवर लावली.

*

चहा फार गोड झालाय.
"चहा गोड झालाय."
संघप्रियाचं बोट बटणावर. मी असं म्हटलं नाही.
"फार गोड झालाय. फार. झालं?"

मला त्यांच्याकडे जायचं नाही.
"मला त्यांच्याकडे जायचं नाही."

पार्सल अजून निघालं नाही. का नाही निघालं?
"पार्सल अजून निघालं न्हाय, जरा बघता का?"
बटण.
"अगं पण असं तोडून विचारतात का? पॅकिंगवाले काय तुझे नोकर हायेत?"
"आई, ते नंतर बघू. मी काय म्हणाले?"
"का नाही निघालं," भीमाबाई म्हणाल्या. "जळ्ळं मेलं."
"जळ्ळं मेलं नको."
"ते मी माझं म्हणलं."

मला शाळेत नाटकात घेतलं नाही तेव्हा मी रडले नव्हते.
ह्याला भीमाबाईंना वेळ लागला. त्यांनी नातेवाइकांना सांगितलेली गोष्ट वेगळी होती. "मला शाळेत नाटकात घेतलं नाही, तेव्हा मी रडले नव्हते," त्या म्हणाल्या. मग माईक बंद करून, "मग कोण रडलं होतं?"
"तू."

आई, तू बाहेर थांब.

हे वाक्य संघप्रियानं नव्यानंच बोलून ठेवलं होतं, शेवटाला. स्पीकरवर ते वाजलं. भीमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तारेवर चंद्रिकाचे टॉवेल वाळत होते. संघप्रियाचं बोट बटणापासून लांब, मांडीवर होतं. ती वाट बघत होती. यंत्रही वाट बघत होतं, त्याला आता दम धरायला शिकवलेलं होतं.

"आई, तू बाहेर थांब," भीमाबाई माईकमध्ये म्हणाल्या. जसंच्या तसं.

*

दिवाळीनंतर एमआयडीसीत तेच ऑफिस, तीच मालती मॅडम, तेच पायपुसणं. संघप्रियाच्या गळ्यात पट्ट्याला फोन अडकवलेला. वॉकर ढकलत ती दारापर्यंत गेली आणि वळली. भीमाबाईच म्हणाल्या, "थांबते की. मी काय आत यायलेय?"

दार लागलं.

बाहेर बाकावर वॉचमन बिरप्पा डबा उघडून बसला होता. त्यानं सरकून जागा केली, शेंगाचटणी पुढं केली. भीमाबाईंनी बोटावर घेतली. पलीकडच्या शेडमधून लूमचा एकसारखा खडखडाट येत होता. दाराआडून आवाज येत होते: एकदा मॅडमचा, एकदा लेकीचा, एकदा बातम्यांच्या बाईचा. शब्द कळत नव्हते, नुसत्या आवाजांच्या पाळ्या कळत होत्या. मध्येच फोनचा आवाज आला नाही, लेकीचाच पुन्हा आला, त्याच वाक्यासारखा, जास्त सावकाश. यंत्र अडलं असावं. भीमाबाई अर्ध्या उठल्या. मग बिरप्पाकडं बघून, पातळ नीट करत, खाली बसल्या.

"कोण हाय आत?" बिरप्पानं विचारलं.

"लेक."

"काय बोलायलेत एवढं?"

भीमाबाईंनी बोट चाटलं. चटणी झणझणीत होती. "म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. आणि आपण काय म्हणालो, ह्याचं त्यांना जरा नवल वाटलं.

*

दार उघडलं. संघप्रिया पुढं, मालती मॅडम मागं. भीमाबाई उभ्या राहिल्या, पण मॅडमची नजर त्यांच्याकडं गेलीच नाही. ती खाली, संघप्रियाच्या चेहऱ्यावर होती.

"महिनाभर काम बघू. जमलं तर कायम करू," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून या."

भीमाबाईंच्या तोंडातून श्वास निघाला. त्यामागं 'येईल की, लई उपकार झाले' तयार होतं. जीभ त्यांनी दाताखाली धरली.

संघप्रियानं फोनला हात लावला नाही. स्वतःच बोलली. "सोमवारी नाही जमणार. मंगळवारी येते."

मॅडमला पहिल्यांदा कळलं नाही. त्या वाकल्या. "परत सांगता?"

पहिल्याच दिवसाला नाही कोण म्हणतं? मिळालेली नोकरी अशी हातानं सांडतात का? एक शब्द मध्ये टाकला असता, एकच, तर सगळं गुळमुळीत झालं असतं. बिरप्पा डब्याचं झाकण लावत तिकडंच बघत होता.

संघप्रियानं बटण दाबलं, तेच पुन्हा म्हटलं.

"सोमवारी नाही जमणार," बातम्यांची बाई म्हणाली. "मंगळवारी येते."

"बरं," मालती मॅडम म्हणाल्या. "मंगळवारी या. दहाला." आणि आत गेल्या.

एवढंच झालं.

गेटपर्यंत दोघी चालत आल्या. वॉकरची चाकं खडीवर अडखळत होती. भीमाबाईंनी हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही.

"सोमवारी काय हाय गं?"

"आहे एक काम."

"कसलं?"

संघप्रिया रस्त्यावर रिक्षा येते का बघत होती. भीमाबाईंनी पुढं विचारलं नाही.

*

संघप्रिया पहिला शब्द बोलली, तेव्हा ती चार वर्षांची होती आणि भीमाबाई ज्वारीच्या काढणीला मंगळवेढ्याला माहेरी गेल्या होत्या. शब्द 'भात' हा होता. तो कुणी न सांगताच शेजारच्या चंद्रिकाला कळला आणि तिनं भात वाढला.